डबा घेऊन तलावाचा फेरा

आमच्या गावात माणूस नुसता चालत नाही. तो शेतात चाललेला असतो, दळण आणायला चाललेला असतो, माहेरी जाऊन बसलेल्या बायकोची समजूत काढायला चाललेला असतो, आणि अगदीच काही नसलं तर माझ्या दुकानात तंबाखू-सुपारीचा खर्रा मागायला येत असतो. मी खर्रा ठेवत नाही हे माहीत असूनही येतो. वाटेत भेटणारा प्रत्येक जण त्याला विचारतो, "कुठी चालले?" हा आमच्याकडचा नमस्कारच आहे. न विचारता कोणी पुढे गेला तर समजावं, शेताच्या धुऱ्यावरून भांडण झालेलं आहे. विचारणाऱ्याला उत्तर द्यावं लागतं आणि ते पटण्यासारखं असावं लागतं. "काही नाही, असाच फिरतोय" असं सांगण्याची सोय आमच्या गावात नाही. तसं सांगणाऱ्याच्या घरी संध्याकाळी चार माणसं चौकशीला येतात.

मी मोतीलाल. माझं किराणा दुकान बसथांब्याशेजारी, तलावाच्या पाळीच्या पायथ्याशी आहे. आजोबांनी दुकान टाकलं तेव्हा तलाव नव्हता. तलाव मागून आला. तलावाकडे जाणारा प्रत्येक जण माझ्या गल्ल्यासमोरून जातो, त्यामुळे कोण कुठे जातो आणि कधी परत येतो हे मला ठाऊक असतं. लोक मला भोचक म्हणतात. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एका जागी बसणाऱ्या माणसाने दुसरं काय करावं ते त्यांनी सांगावं.

आता शोभाबाईंचं सांगतो. पुंडलिकरावांच्या शोभाबाई. पुंडलिकराव जाऊन तीन वर्षं झाली. त्यांचं शेत तलावाच्या पलीकडच्या काठाला, बरडाला लागून. बरड म्हणजे मुरमाड माळ. तिथे पऱ्हाटी म्हणजे कपाशी गुडघ्याच्या वर येत नाही, पण तूर बरी येते. लग्न होऊन आल्यापासून शोभाबाई रोज सकाळी भाकरीचा डबा घेऊन पाळीवरून शेतात जायच्या. नवऱ्याच्या जेवणाची वेळ त्यांनी कधी चुकवली नाही आणि नवऱ्याने त्यांच्या स्वयंपाकाची तारीफ कधी केली नाही, असा तो नीट चाललेला संसार होता. पुंडलिकराव गेले आणि शेत बटईनं, निम्म्या पिकाच्या वाट्यावर, डोमाजीकडे गेलं. डोमाजीची भाकर त्याच्या घरून येते. शोभाबाईंचं पाळीवर जाणं बंद झालं.

या बाईला बसलेला माणूस बघवत नाही. माझ्या दुकानासमोर एक बाकडं आहे, त्यावर गावातले बापे बसलेले असतात. शोभाबाई साखर घ्यायला आल्या की आधी बाकड्याकडे बघायच्या. "काहो, बसून बसून पायाले मुंग्या येत नाई काय तुमच्या?" बापे खाली बघायचे. एकदा तर त्यांनी माझ्या दुकानातल्या मांजराला रिकामटेकडं म्हटलं होतं. मांजराने मनावर घेतलं नाही. मी मात्र घेतलं, कारण त्या बोलताना माझ्याकडे बघत होत्या.

मागच्या पावसाळ्याच्या शेवटी अल्लीपूरला तपासणीचं शिबिर लागलं होतं. शेजारची शकुबाई जात होती म्हणून शोभाबाईही गेल्या, आणि शकुबाईला काही निघालं नाही, शोभाबाईंना शुगर निघाली. ते त्यांनी शकुबाईलाही कळू दिलं नाही. डॉक्टरीण शहरातली, वयाने त्यांच्या सुनेएवढी. तिने गोळ्या दिल्या आणि सांगितलं की रोज चालायचं. डोक्यावर ओझं नको, भर उन्हात नको, चढ नको. मग गावाचं नाव ऐकून तिचा चेहरा खुलला. तुमच्याकडे तलाव आहे ना, म्हणाली, त्याला रोज एक फेरा मारा, किती छान.

शोभाबाई परस्पर माझ्याकडे आल्या. बाकड्यावर कोणी नाही याची खात्री केली आणि गल्ल्याशी येऊन म्हणाल्या, "मोतीलालभाऊ, ते नुसतंच चालाचं म्हणते. कायच्यासाठी?"

"तब्येतीसाठी."

"तब्येत काय तिकडं बरडावर उभी हाय, आनाले जाऊ?"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. त्यांना खरंच प्रश्न पडला होता. तलावाचा फेरा म्हणजे जिथून निघायचं तिथेच परत यायचं, मध्ये कुठेही काही काम नाही. असं चालणं त्यांच्या आयुष्यात कधी झालेलं नव्हतं.

तसा फेरा सोपा आहे. माझ्या दुकानाशेजारून पाळीवर चढलं की वर बैलगाडी जाईल एवढी सपाट वाट आहे. पाणी उजव्या हाताला ठेवायचं, देवळाला प्रदक्षिणा घालताना देव ठेवतो तसं. पाळ संपली की सांडवा. हिवाळ्यात तो कोरडा असतो, दगडांवरून पलीकडे जाता येतं. मग बरड सुरू होतं. तांबडा मुरूम, वाळलेलं गवत, मधूनमधून पळस आणि बोराट्या, आणि एवढं आभाळ की बघताना मान दुखते. तिथे वाऱ्याला अडवायला काही नाही. पुढे डोमाजी कसतो ते शोभाबाईंचं शेत, शेताच्या टोकाला मोहाचं झाड, मग नाल्यावरचा रपटा, गायरान, आणि गायरानातून परत पाळीचं दुसरं टोक. कुठे दम लागेल असा चढ नाही. थंडीत पाण्यावर बदकं उतरतात. मी हे सगळं लहानपणी पाहिलं आहे. आता दुकान सोडवत नाही.

पहिल्या दिवशी शोभाबाई रिकाम्या हाताने निघाल्या आणि पाळीवर चढायच्या आतच परतल्या. शकुबाईने विचारलं कुठी चालल्या, दूधवाल्याने विचारलं कुठी चालल्या, बाकड्यावरून तिघांनी एकदम विचारलं. शोभाबाईंना उत्तर सुचेना. जन्मभर दुसऱ्यांना रिकामटेकडे म्हणणाऱ्या बाईने आता काय सांगायचं? "शेळी दिसली काय कोणाले?" असं काहीतरी पुटपुटून त्या घरी गेल्या. त्यांच्याकडे शेळी नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या तेव्हा हातात डबा होता. तोच जुना पितळी कडीचा डबा, तसाच फडक्यात बांधलेला. शकुबाईने डबा पाहिला आणि काही विचारलं नाही. डबा घेतलेली बाई शेतात चालली आहे, यात विचारायचं काय? शोभाबाई ताठ मानेने पाळीवर चढल्या आणि आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोरून गेल्या.

मला डब्याचं गुपित कळलं ते आवाजावरून. परत येताना त्या माझ्याकडे काडीपेटी घ्यायला थांबल्या, डबा गल्ल्यावर ठेवला, आणि आत काहीतरी खडखडलं. इतकी वर्षं डबे-बरण्या हाताळून मला एवढं कळतं की भाकर खडखडत नाही. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी फडकं सोडून दाखवलं. आत एक गुळाचा खडा. चालताना गरगरलं तर तोंडात टाकायला डॉक्टरणीने सांगितलेला.

"कोणाले सांगसान नाई," त्या म्हणाल्या. "तुमच्या तराजूची शपत हाय. अन प्रफुलले तं बिलकुल नाई."

प्रफुल त्यांचा मुलगा. वर्ध्याला एका गाड्यांच्या शोरूममध्ये हिशेब बघतो आणि बोरगाव मेघेला दुसऱ्या मजल्यावर राहतो. चांगला मुलगा आहे. बाप गेल्यापासून आईला तिकडे न्यायचं त्याने मनात घेतलं होतं, आणि आईने ते दर वेळी काहीतरी कारण सांगून टाळलं होतं. एकदा दिवाळीला जाऊन राहिल्या तेव्हा सून मयुरीने त्यांना काही करू दिलं नाही. बसा आई, म्हणायची. बसा म्हटलेलं त्यांना शिवीसारखं लागतं. गॅलरीत बसून त्या समोरच्या गॅलरीत बसलेल्या दुसऱ्या म्हातारीकडे बघत राहिल्या, आणि ती यांच्याकडे. शुगरचं कळलं तर प्रफुल दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन येईल आणि या वेळी कुठलंही कारण चालणार नाही, हे त्यांना माहीत होतं. मी शपथ घेतली. तराजूची शपथ मी सहसा घेत नाही.

काही दिवस बरे गेले. मग कोणीतरी डोमाजीला म्हणालं, मजा हाय गा तुझी, शोभाबाई रोज भाकर आणून देते. डोमाजी म्हणाला, मले? मले तं कधी आणली नाई. झालं. मग डबा कोणासाठी?

बरडावर भैयाजीच्या शेळ्या असतात. त्याने पाहिलं होतं की शोभाबाई मोहाच्या झाडाखाली बसतात, फडकं सोडतात, डबा उघडतात, थोडा वेळ पाण्याकडे बघत बसतात, मग डबा बांधून पुढे जातात. खरं तर त्या तिथे दम खायला बसत आणि गूळ विरघळला तर नाही हे बघत. पण त्या झाडाखाली पुंडलिकराव जेवायला बसत, हे सगळ्या गावाला माहीत होतं. भैयाजीने एवढंच सांगितलं की बाई डबा उघडून बसते. ते ज्याने ऐकलं त्याने पुढे सांगितलं की बाई भाकर वाढते. अल्लीपूरच्या बाजारापर्यंत गोष्ट पोचली तेव्हा त्यात दोन ताटं होती आणि बाई "अजून घ्या, लाजू नका" असं म्हणत होती. पुंडलिकरावांना लाजताना मी तरी कधी पाहिलेलं नाही.

पण आमच्या गावाने मग जे केलं ते मला आवडलं, आणि मला या गावाचं सहसा काही आवडत नाही. कोणी हसलं नाही. सगळ्यांनी ठरवून ठेवल्यासारखं शोभाबाईंना विचारणं बंद केलं. सकाळी शोभाबाई डबा घेऊन निघाल्या की बाकडं गप्प व्हायचं. कोणी "कुठी चालल्या" म्हणत नव्हतं. डोमाजीने मोहापर्यंतच्या वाटेवरचे काटे तोडून टाकले. भैयाजी त्या दिसल्या की शेळ्या घेऊन लांब जायचा, म्हणजे नवरा-बायकोत अडचण नको. गाव एका बाईचं दुःख सांभाळत होतं आणि त्या बाईला त्याचा पत्ता नव्हता. तिला वाटत होतं की गाव आपल्यावर नाराज आहे.

"भाऊ, माह्याशी कोणी बोलून नाई राह्यलं," त्या मला म्हणाल्या. "काऊन? मी काय केलं?"

मला कळत होतं, पण हे कोणत्या तोंडाने सांगायचं? मी तुरीच्या डाळीचा भाव सांगत बसलो.

शेवटी शकुबाईनेच घोटाळा केला. तिच्या नातीचं बारसं होतं म्हणून घरी करंज्या झाल्या होत्या. सकाळी ती वाटेत आडवी आली, चार करंज्या शोभाबाईंच्या डब्यावर ठेवल्या आणि डोळे पुसत म्हणाली, "भाऊजीले देजो. त्याईले लय आवडे."

शोभाबाई त्या दिवशी फेऱ्याला गेल्याच नाहीत. सरळ माझ्या दुकानात आल्या, करंज्या गल्ल्यावर ठेवल्या आणि स्टुलावर बसल्या. मी त्यांना बसलेलं पहिल्यांदाच पाहत होतो.

"गावानं मले येडी ठरवलं, भाऊ."

"येडी नाई म्हणत कोणी. जीव लावतेत तुमाले."

"म्हंजे तुमाले मालूम होतं."

मी करंजीकडे बघितलं. त्यांनी ढकलून माझ्याकडे सरकवली. "खा. मले चालत नाई."

मी खाल्ली. शकुबाईच्या हातची करंजी खुसखुशीत असते. मग मी त्यांना समजावलं की आता सांगून टाका. शुगर आहे, डॉक्टरणीने चालायला सांगितलं आहे, त्यात लाजायचं काय? पाळीवरून कोणाची तरी बैलगाडी उतरत होती, तिकडे बघत त्या म्हणाल्या, "येडी म्हणतीन तं म्हणू दे. येड्या बाईले लोकं संभाळतेत. पण इतके वर्सं काम केलं अन आता पाय मोकळे करत फिरते, हे माह्या कानानं आयकवनार नाई मले."

मला राग आला. एवढी शहाणी बाई, आणि एवढ्याशा गोष्टीसाठी स्वतःला वेडी म्हणवून घेते. तसं बोललोही. पण रागावतानाच मला त्यांची इतकी दया आली की जाताना त्यांनी घेतलेल्या काडीपेटीचे पैसे घ्यायला मी विसरलो, आणि हे माझ्याकडून होत नाही.

गावातली गोष्ट वर्ध्याला जायला आठवडा लागला नाही. शकुबाईचा मुलगा मुकेश हायवेवरच्या जाम गावी संत्र्यांचं दुकान लावतो. प्रफुलच्या शोरूमचे लोक तिथे थांबतात. मुकेशने काळजीपोटीच सांगितलं असणार. शनिवारी संध्याकाळी प्रफुल गाडी घेऊन आला. भाड्याची, मोठी, मागे सामान मावेल अशी.

तो आधी माझ्याकडे आला. मी चहा मागवला. त्याने बिनसाखरेचा सांगितला. मला वाटलं शहरातली नवीन पद्धत. चेहरा उतरलेला होता, पोट सुटलेलं होतं, आणि बसल्या बसल्या त्याने माझ्या माठातलं पाणी तीनदा प्यायलं.

"काका, खरं सांगजा. आई बाबांशी बोलते काय?"

माझ्या पोटात गोष्ट राहत नाही, हे माझ्या बायकोला विचारा. त्या क्षणी तर ती गळ्यापर्यंत आली होती. पण तराजू समोरच होता.

"तू कधी तिच्यासंग तलावाले फेरा मारला?" मी विचारलं.

"नाई."

"मंग उद्या मार. अन मंग काय न्यायचं ते ने."

रात्री घरी तो आईशी लहान मुलाशी बोलावं तसं बोलत होता म्हणे. मयुरीनं समोरची खोली रिकामी केली आहे, खिडकीत तुळस ठेवली आहे. शोभाबाईंना लगेच कळलं की हा कशासाठी आला आहे. त्यांनी हिशेब केला तो असा: खरं सांगितलं तर आजारी म्हणून नेईल, नाही सांगितलं तर वेडी म्हणून नेईल. गाडी अंगणात उभीच होती. त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि सकाळच्या भाकरीसाठी ज्वारीचं पीठ काढून ठेवलं.

सकाळी मायलेक माझ्यासमोरून गेले. बाकडं गप्प झालं. शोभाबाईंच्या हातात डबा होता आणि चाल नेहमीची होती. प्रफुल मागे होता. पाळीवर चढतानाच त्याने कमरेवर हात ठेवला.

पुढचं मला दोघांनीही वेगवेगळं सांगितलं आहे. जे जुळतं ते सांगतो.

सांडव्याच्या दगडांवर प्रफुलचा पाय सरकला आणि आईने त्याला दंडाला धरून पलीकडे नेलं. बरडावर तो दोनदा थांबला. त्या पुढे जाऊन उभ्या राहायच्या, तो आला की पुन्हा चालू लागायच्या. हे तुह्या बाबानं लावलेलं बोरीचं कुंपण, इथं रानडुकरं येतेत, तिकडं बदकं पाह्य, असं सांगत होत्या. आवाजात कुठे धाप नव्हती. प्रफुलने मनात वाक्य तयार करून ठेवलं होतं: आई, बाबा आता नाहीत, आपण घरी जाऊ. ते कधी म्हणायचं याची तो वाट बघत होता.

मोहाखाली त्या बसल्या. फडकं सोडलं, डबा उघडला. आत दोन भाकरी होत्या, चून म्हणजे आमचं पिठलं होतं, ठेचा, चिरलेला कांदा. वाफ अजून गेलेली नव्हती. प्रफुलला वाटलं, म्हणजे लोक म्हणतात ते खरं होतं. आई फडकं पसरून त्यावर भाकर मांडत होती.

"आई," तो म्हणाला, "बाबा..."

"बाबा गेले, मले मालूम हाय. मीच पाणी पाजलं त्याईले शेवटचं." त्यांनी भाकरीवर चून वाढलं आणि पुढे केलं. "हे तुह्यासाठी आणलं. काल रात्री तू धड जेवला नाई, अन तुले इतकं चालाची सवय नाई. जेव."

प्रफुल म्हणतो, तो रडला नाही, डोळ्यांत मुरमाची धूळ गेली. शोभाबाई म्हणतात, त्या दिवशी बरडावर वाराच नव्हता.

तो जेवला. एक भाकर संपली, दुसरीही अर्धी संपली, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आई खात नाही.

"तू घे ना."

"मी घरी जाऊन. गोळी घेतल्याबिगर..." आणि त्या थांबल्या.

"कायची गोळी?"

आता लपवण्यात काही उरलं नव्हतं. त्यांनी सगळं सांगितलं. शिबिर, डॉक्टरीण, पहिल्या दिवशीची नसलेली शेळी, रिकामा डबा, गुळाचा खडा, शकुबाईच्या करंज्या. सांगताना त्या पाण्याकडे बघत होत्या. "तुले सांगितलं असतं तं तू नेलं असतं," त्या म्हणाल्या. "तुह्या घरी मी बसून मरीन, बाबू. मयुरी चांगली हाय. पण तिथी मी चालू कुठी?"

प्रफुलच्या डोळ्यांसमोर त्याची गल्ली आली. दोन्ही बाजूंना लावलेल्या मोटारसायकली, कुत्री, कोपऱ्यावरून वळणारे रेतीचे ट्रक. तो हातातला घास खाली ठेवून म्हणाला, "मलेबी हाय."

"काय हाय?"

"शुगर. दोन वर्सं झाले. फक्त मयुरीले मालूम हाय. मलेबी चालाले सांगतलं हाय डॉक्टरनं. होतच नाई."

शोभाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग फडक्यावर उरलेल्या अर्ध्या भाकरीकडे पाहिलं.

"मंग दीड भाकर काऊन खाल्ली?" असं म्हणून त्यांनी ती अर्धी उचलून डब्यात टाकली, झाकण लावलं, आणि त्यानंतर मात्र त्यांना रडू आलं. हे दोघंही सारखंच सांगतात. आपल्या लेकराला आपल्याच भीतीने आजार लपवायला लावला, असं त्यांना वाटलं. प्रफुललाही आईबद्दल नेमकं तसंच वाटत होतं. मोहाखाली दोघं एकमेकांची समजूत काढत बसले आणि भैयाजी लांब टेकाडावर शेळ्या अडवून उभा राहिला.

परतीला शोभाबाई मुद्दाम हळू चालल्या. गायरानातून पाळीवर आणि पाळीवरून खाली, माझ्या दुकानासमोर. बाकडं भरलेलं होतं. अंगणातल्या गाडीची बातमी सगळ्यांना होती. शकुबाईही आली होती. शोभाबाईंना विचारायची कोणाची छाती होईना, म्हणून तिने प्रफुलला विचारलं, "कुठी गेलता गा, बाबू?"

प्रफुल उत्तर देणार, तेवढ्यात शोभाबाई बोलल्या. आवाज नेहमीचा, बाकड्यावरच्या शेवटच्या माणसापर्यंत पोचणारा. "पोराले फिरवून आणलं. शुगर झाली त्याले. डॉक्टरनं चालाले सांगतलं, तं म्हटलं मी नेतो. त्याच्याच्यानं एकट्यानं होत नाई."

प्रफुलने तोंड उघडलं आणि मिटलं. सगळं बाकडं त्याच्या पोटाकडे बघू लागलं. कोणी कारल्याचा रस सुचवला, कोणी मेथी. तो मान डोलावून सगळ्यांना हो म्हणत होता, आणि त्याची आई बाजूला डबा घेऊन उभी होती, कामावरून आलेल्या बाईसारखी. त्या क्षणी मला त्या मुलाचा इतका अभिमान वाटला की मी त्याला पुन्हा बिनसाखरेचा चहा दिला, आणि त्याचेही पैसे घेतले नाहीत. असं चाललं तर मला दुकान बंद करावं लागेल.

गाडी दुपारी रिकामीच गेली. निघताना मी प्रफुलला हळूच विचारलं, "न्यायले आलता ना आईले?"

"काका," तो म्हणाला, "तिले नेलं तं मले कोण चालवन?"

आता तो दर रविवारी सकाळच्या बसने येतो. मयुरी कधी येते, कधी येत नाही. फेरा झाला की शोभाबाई त्याला एक भाकर देतात. दुसरी मागितली तर डबा बंद करतात.

राहिले बाकीचे वार. त्या रविवारनंतरच्या मंगळवारी मी गल्ल्यावरून पाहिलं, शोभाबाई निघाल्या होत्या आणि दोन्ही हात मोकळे होते. गुळाचा खडा पदराच्या गाठीत असावा. पाळीच्या तोंडाशी भैयाजी शेळ्या घेऊन उभा होता. डबा नाही हे पाहून तो नेहमीसारखा लांब गेला नाही. थोडा अवघडला, काठी या हातातून त्या हातात घेतली.

"कुठी चालल्या, शोभाबाई?"

कित्येक दिवसांनी कोणी त्यांना विचारलं होतं. त्या थांबल्या, पदर नीट केला आणि सावकाश उत्तर दिलं.

"रविवारी पोरगं येते. वाट बरी हाय काय, पाहून येतो."

भैयाजी बरं म्हणाला आणि शेळ्या बाजूला घेतल्या.